मालवणचे पाच, सूरचे साडेतीन

निरोप आमच्याच हातचा होता. मागच्या थंडीत एका दुपारी दोनच्या सुमारास शेजारचे चाचा अल्लाहला प्यारे झाले. घरात रडारड, दारात माणसांची गर्दी. कोणीतरी फोन आमच्या हातात देऊन म्हणाले, "सर, तुम्हीच लिवा. तुमची भाषा बरी." आम्ही लिहिले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन, चाचांचे नाव, आणि खाली एक ओळ: "जनाजा आज अस्रनंतर, ५ वाजता." निरोप मोहल्ल्याच्या गटावर गेला, तिथून नात्यागोत्यात गेला, आणि चाचांच्या धाकट्या मुलाकडेही गेला. तो ओमानमधल्या सूर या गावी नोकरीला आहे.

पाच वाजता जनाजा उठला. साडेपाचला माती झाली. लोक परतले, मगरिबची वेळ झाली आणि सव्वासहाला चाचांच्या सुनेचा फोन वाजला. सूरहून व्हिडिओ कॉल होता. मुलगा वुजू करून, इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, चार सोबत्यांना घेऊन खोलीत बसला होता. इथे गुसल-कफनाची गडबड असेल, मध्येच कशाला त्रास, म्हणून त्याने दुपारपासून फोन केला नव्हता. त्याच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. तो म्हणाला, "अब्बांचा चेहरा दाखवा."

पुढचे लिहिवत नाही.

नंतर कळले, त्या घरात एक रीत आहे. सूरला पाठवायचा निरोप नेहमी सूरच्या वेळेत लिहायचा. सून कधी "रात्री नऊला फोन करा" असे लिहीत नाही, ती "तुमच्या साडेसातला" असा हिशेब स्वतःच करून पाठवते. त्यामुळे आमचे "५" वाचून त्या बिचाऱ्याने ते आपलेच पाच धरले. आमचा विषय उर्दू-मराठी. पण भूगोलाचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास बहुधा आमच्याच गळ्यात पडतो. एका रेखांशाला चार मिनिटे, हे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! आणि लिहायची वेळ आली तेव्हा "मालवणचे" हा एक शब्द सुचला नाही. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून या महिन्यात तोच घेतला आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांचे कोणी आखातात नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल.

आधी गावांविषयी. मालवण आपल्याला माहीतच आहे. बंदरात शिरताना खडक, समोर पाण्यात १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग, मासळीचा लिलाव, माडांखालची घरे. सूर हे ओमानच्या पूर्व किनाऱ्यावरचे बंदर. तिथेही समुद्राचे पाणी आत घेणारी खाडी आहे, टेकड्यांवर पहाऱ्याचे बुरूज आहेत. माडांच्या जागी मात्र खजुरी. हे गाव लाकडी गलबते बांधण्यासाठी नावाजलेले. गलबतांचा साग हिंदुस्थानच्या मलबार किनाऱ्यावरून जायचा, आणि तयार गलबते वाऱ्यांच्या ऋतूंप्रमाणे हिंदुस्थान आणि आफ्रिकेच्या फेऱ्या करायची. १९५१ साली सूरमध्ये बांधलेले 'फतह अल-खैर' हे गलबत पुढे येमेनला विकले गेले होते. सूरच्या लोकांनी ते परत आणले, आणि आज ते किनाऱ्यावर जतन करून ठेवले आहे.

सूरचा पाहुणा म्हणून इब्ने बतूताचे नाव सांगितले पाहिजे. चौदाव्या शतकात त्याचे जहाज सूरला लागले. तिथून कलहात हे शहर डोंगराच्या उतारावर दिसत होते, अगदी जवळ वाटत होते. दुपार कलेपर्यंत चालत पोहोचाल, असे त्याला सांगण्यात आले. तो निघाला. वाटाड्या लबाड निघाला, रस्ता संपेना, रात्र उघड्यावर काढावी लागली आणि सुजलेल्या पायांनी तो दुसऱ्या दिवशी कलहातला पोहोचला. वेळेचा अंदाज चुकला की काय होते, ते सूरच्या वाटेवर फार जुने आहे म्हणायचे.

मालवण ते सूर सरळ रेषेत अंतर सुमारे सोळाशे किलोमीटर. कोलकाता आपल्याला त्याहून दूर आहे! सूर आणि कोलकाता जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, आणि रेखांशांच्या हिशेबाने मालवण त्या दोहोंच्या साधारण मधोमध येते. आता गंमत पाहा. कोलकात्याचा सूर्य आपल्यापेक्षा सुमारे तासभर पुढे आहे, पण तिथले घड्याळ आणि आपले घड्याळ एकच. सूरचा सूर्य आपल्यापेक्षा ५६ मिनिटे मागे, पण घड्याळ मात्र दीड तास मागे. म्हणजे सूर्याने जितके अंतर ठेवले आहे, त्यात माणसांनी आणखी चौतीस मिनिटांची भर घातली.

ही चौतीस मिनिटे कुठून आली, ते सांगतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून धरतात. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मालवण तिच्या नऊ अंश पश्चिमेला. नऊ चोक छत्तीस. म्हणून आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा मालवणचा सूर्य माथ्यावर यायला सरासरी ३६ मिनिटे बाकी असतात. ओमानची वेळ ६० अंश रेखांशावरून धरलेली आहे आणि सूर त्या रेषेच्या अगदी कुशीत, जेमतेम दोन मिनिटांच्या अंतरावर. म्हणून सूरमध्ये घड्याळ आणि सूर्य हातात हात घालून चालतात. छत्तीसातून दोन गेले, चौतीस उरले.

मशिदीत जुहरच्या वेळा पाहणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात ठाऊक असते. मालवणात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य बारा वीसच्या सुमारास ढळतो, फेब्रुवारीच्या मध्याला बारा पन्नासला. सूरमध्ये नोव्हेंबरात तर बारा वाजायच्या आधीच, पावणेबाराच्या सुमारास सूर्य ढळतो. पहिल्यांदा आखातात गेलेला आमचा एक विद्यार्थी म्हणाला होता, "सर, हय बारा वाजायच्या आधीच जुहरची अजान होता. आमका पयल्यांदा वाटला, घड्याळ बिघाडला."

आपल्या वाडवडिलांनाही ही परकी छत्तीस मिनिटे सहजी पचली नव्हती. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने हिंदुस्थानभर एकच वेळ लागू केली, तेव्हा मुंबई अडून बसली. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. गिरणीकामगारांनी विरोध केला, आणि महानगरपालिकेने आपली घड्याळे 'बॉम्बे टाइम'वरच ठेवली, ती थेट १९५५ पर्यंत. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षे! मालवणचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा फक्त अडीच-तीन मिनिटे पुढे आहे, त्यामुळे आपला जीव त्याच जुन्या वेळेशी जुळणारा. अरबस्तानात तर याहून वेगळी पद्धत होती. उस्मानी राजवटीत, आणि सौदी अरबस्तानात अगदी अलीकडे १९६० च्या दशकापर्यंत, सूर्य मावळला की घड्याळात बारा करायचे. मगरिब म्हणजे बारा, आणि तिथून नवा दिवस. घड्याळ रोज थोडे सरकवावे लागे, पण नमाजी माणसाला हिशेब सोपा.

आता रमजानकडे. चाचांची नात सातवीत आहे, त्या सूरच्या मुलाचीच मुलगी. दरवर्षी रमजानात तिचा हट्ट असतो की, अब्बा आणि ती एकाच वेळी रोजा सोडणार. २०२५ च्या रमजानात मार्चच्या मध्याला मालवणची मगरिब सुमारे पावणेसातची होती. तिच्या अब्बांची तिथल्या घड्याळाने सव्वासहाच्या आत. पोरीने वजाबाकी केली आणि आनंदाने सांगत आली, "सर, अब्बा माझ्याआधी रोजा सोडतात!" तिला समजावून सांगावे लागले की, बाई गं, अब्बांचे सव्वासहा म्हणजे आपले पावणेआठ. तू खजूर तोंडात टाकतेस तेव्हा अब्बांच्या खिडकीत चांगले ऊन असते. ती थोडी हिरमुसली. त्यानंतर रोज ती इफ्तार करून, मगरिब पढून, जेवण तसेच ठेवून तासभर फोनसमोर बसायची. अब्बांनी पाण्याचा घोट घेतला की मग ताटावर. दादी रागवायची. आम्हीही रागवलो, पण मनातून नाही.

हे ५६ मिनिटांचे अंतरही बारमाही नाही. सूर आपल्यापेक्षा उत्तरेला आहे, त्यामुळे तिथे उन्हाळ्याचा दिवस आपल्याहून लांब आणि हिवाळ्याचा आखूड. जूनच्या शेवटी दोन्ही गावांच्या सूर्यास्तात सुमारे ६९ मिनिटांचे अंतर पडते, डिसेंबरच्या शेवटी ते ४३ मिनिटांवर येते. घड्याळांतला फरक तेवढा बाराही महिने नव्वदचा नव्वद. रमजान तर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत येतो, म्हणून "आमच्यानंतर अमुक मिनिटांनी त्यांचा रोजा सुटतो" असा ठोकताळा एकदा बांधून ठेवला तर दोन-चार वर्षांत तो चुकलाच. दोन्ही गावांची तक्वीम शेजारी शेजारी लावावी, हे बरे.

तक्वीमवरून आठवले. आपल्या सिंधुदुर्गात कितीतरी घरांच्या भिंतीवर मुंबईची तक्वीम टांगलेली असते. चाकरमानी घेऊन येतात, चित्र छान असते, राहते तशीच. जूनमध्ये मुंबईचा सूर्य मालवणपेक्षा सुमारे आठ मिनिटे उशिरा मावळतो, म्हणजे त्या तक्वीमने चालणारा उगीच थोडा थांबेल, रोजाला धोका नाही. पण डिसेंबरात उलटे होते. तेव्हा मुंबईचा सूर्यास्त आपल्याआधी तीनेक मिनिटे होतो. मुंबईचा कागद पाहून मालवणात रोजा सोडला तर सूर्य अजून क्षितिजावर! सध्या रमजान थंडीकडेच चालला आहे. तेव्हा भिंतीवर कोणत्या गावचा कागद आहे, ते आजच पाहून ठेवा.

आठवड्याचाही घोळ आहेच. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. आमच्या शाळेला रविवारची, आणि शनिवारी सकाळची शाळा. शुक्रवारी अब्बा निवांत असतात तेव्हा पोरगी वर्गात, रविवारी पोरगी मोकळी तेव्हा अब्बा कामावर. बाप-लेकीच्या वाट्याला आठवड्यातली एक शनिवारची दुपार येते, आणि तीही पोरीच्या शिकवणीतून उरली तर. पूर्वी पत्र पोहोचायला आठवडे लागत, कोणी कॅसेट भरून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवी. तेव्हा घड्याळाचा प्रश्नच नव्हता. फोन आला, चेहरा दिसू लागला, आणि मिनिटे बोचायला लागली.

चाँदचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही, कारण दरवर्षी त्यावरून आपल्याकडे वाद होतो. २०२५ मध्ये ओमानमध्ये पहिला रोजा १ मार्चला झाला, आपल्याकडे २ मार्चला. ईद मात्र दोन्हीकडे सोमवारी, ३१ मार्चला. सूरने तीस रोजे धरले, मालवणने एकोणतीस. ओमानच्या अगदी शेजारच्या अमिरातीत आणि सौदीत ईद रविवारीच होऊन गेली होती. नात विचारत होती, "अब्बांचे तीस, मग माझे एकोणतीसच कसे? माझा एक कमी?" कमी नाही. महिना एकोणतीसचाही पुरा असतो.

हा प्रश्न तिच्याआधी चौदाशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. सहीह मुस्लिममध्ये ती हकिकत आहे. हजरत उम्मुल फज्ल (रजि.) यांनी कुरैब यांना काही कामासाठी शामला, हजरत मुआविया (रजि.) यांच्याकडे पाठवले होते. रमजानचा चाँद कुरैबनी तिथेच पाहिला, जुम्याच्या रात्री. महिना संपत आला तेव्हा ते मदिनेला परतले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी चाँदची चौकशी केली आणि सांगितले की, मदिनेत आम्ही तो शनिवारच्या रात्री पाहिला, आम्ही तीस पूर्ण होईपर्यंत किंवा चाँद दिसेपर्यंत रोजे धरू. कुरैबनी विचारले, तिकडच्यांनी पाहिलेला चाँद पुरेसा नाही का? ते म्हणाले, नाही, रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी आम्हाला असेच शिकवले आहे. आपण कोकणी बहुतांशी शाफई मजहबाचे, आणि शाफई उलेमांनी याच आधारावर दूरच्या मुलखांसाठी ज्याचा त्याचा चाँद मानला. इतर इमामांची मते वेगळी आहेत, त्यांनाही दलील आहे. आम्ही काही आलिम नाही. मसला मौलानांना विचारावा. पण एवढे दिसते की, शाम आणि मदिना दोन दिवशी रोजे सुरू करूनही एकमेकांना सलाम करीत होते. आपल्याकडे मात्र आखातातला भाऊ आदल्या दिवशी ईद मुबारक पाठवतो आणि इथला भाऊ त्याच्यावर रुसतो.

चाचांच्या मुलाने त्या संध्याकाळी काय केले, ते राहिले. त्याने फोन ठेवला, आणि त्याच्या पाचला, म्हणजे आपल्या साडेसहाला, चार सोबत्यांसह वडिलांची गायबाना नमाज पढली. नंतर त्याला शंका आली. माती होऊन गेल्यावर पढलेली ही नमाज झाली की नाही? आमच्या इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, आपल्या मजहबात झाली. हबशाचा बादशहा नजाशी वारला तेव्हा आपले हुजूर (सल्ल.) मदिनेत होते, आणि तिथूनच त्यांनी त्याची नमाजे जनाजा पढवली. दफन आधी झाले म्हणून तिला बाध येत नाही. आम्ही हे मुलाला कळवले. त्याने "जजाकल्लाह" लिहिले. चेहऱ्याविषयी काही लिहिले नाही, आणि आम्हालाही काही लिहिता आले नाही.

तेव्हापासून मोहल्ल्याच्या गटावर मय्यतीचा निरोप असा जातो: "जनाजा मालवणच्या वेळेनुसार सायं. ५ वाजता. ओमान व दुबई ३.३०. सौदी, कुवैत, कतर व बहरीन २.३०." लंडनला एक घर आहे, त्यांचे गणित उन्हाळ्यात साडेचार तासांचे आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचे, ते चाचांच्या नातीने एका कागदावर लिहून आमच्या टेबलाच्या काचेखाली सरकवले आहे. निरोपात आणखी एक ओळ घालायला लागलो आहोत: "अखेरच्या दीदारसाठी घरच्यांना फोन या वेळेच्या एक तास आधी करावा." काहींना ते खटकते. मय्यतीच्या घरी फोन-फोन काय, असे म्हणतात. त्यांचे कोणी परदेशात नसावे.

मे महिन्यात तो मुलगा रजेवर आला. फजरनंतर आम्हाला बरोबर घेऊन कब्रस्तानात गेला. फातिहा पढून झाल्यावर बराच वेळ उभा होता. मग त्याने विचारले, "सर, माती किती वाजता दिली?"

आम्ही म्हटले, "साडेपाचला."

त्याने बोटांवर मोजले. "म्हणजे चार," तो म्हणाला. "तेव्हा मी कपड्यांना इस्त्री करीत होतो."